इटालीत राहिलेल्या मामाआजोबांची नोंद

ऑगस्ट २०२३ मध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ या मोहिमेत गावोगावी शिलाफलक उभारायचे ठरले आणि देशासाठी प्राण दिलेल्यांची नावे ग्रामपंचायतींनी मागवली, तेव्हा बोरी नदीकाठच्या माझ्या आजोळहून मामांचा फोन आला. हे मामा म्हणजे आईचे मामेभाऊ. वय सत्तरीच्या पुढे, कापूस आणि मका करणारे, आणि कागदपत्रांच्या बाबतीत कमालीचे चिवट. आपल्या घरातला एक जण दुसऱ्या महायुद्धात इटालीत पडला असे आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्याचे नाव फलकावर यायला हवे, पण ग्रामसेवक पुरावा मागतात आणि पुरावा म्हणून आपल्याजवळ काहीच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मी नुकतीच शाळेतून निवृत्त झालेली, अमळनेरला राहणारी आणि इंग्रजी वाचता येणारी भाची असल्यामुळे हे काम माझ्याकडे आले.

ज्यांच्याविषयी लिहीत आहे ते माझ्या आजीचे सर्वांत धाकटे भाऊ. घरात त्यांना बापू म्हणत. त्यांचे पूर्ण नाव मी इथे देत नाही, कारण पुढे जे निघाले त्यामुळे भाऊबंदांपैकी काहींची तशी इच्छा नाही आणि त्यांच्या इच्छेचा मान राखणे मला भाग आहे. घरात त्यांच्याविषयी जे सांगितले जाई ते दोन-चार वाक्यांत संपत असे. ते मराठा पलटणीत भरती झाले, बेळगावला शिकले, बोटीने परमुलखात गेले आणि परत आले नाहीत. एकही फोटो नव्हता. दिसायला कसे होते असे विचारले तर आजी माझ्या धाकट्या मामांकडे बोट दाखवी, आणि त्यावर धाकटे मामा लाजत.

मृत्यूची बातमी आली ती १९४५ च्या आखाजीला, एवढे मात्र सर्वांना पक्के ठाऊक होते. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की अक्षय्य तृतीया म्हणजे आखाजी हा आमच्याकडे सासुरवाशिणींचा सण आहे. लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, आणि त्याच दिवशी पितरांच्या नावाने घागर भरून चुलीतल्या निखाऱ्यांवर आगारी टाकली जाते. युरोपातले युद्ध ८ मे रोजी संपले होते आणि आखाजी त्यानंतर आठवडाभरातच होती. युद्ध संपल्याची वार्ता तालुक्याहून गावात पोचलेली असल्यामुळे आता बापू येणार, अशा बोलण्यात घर होते. आजी चार वर्षांच्या माझ्या आईला घेऊन माहेरी आलेली होती. त्या दिवसातले आईला एवढेच आठवते की कोणीतरी लिंबावर चढून झोक्याचा दोर सोडला, आणि झोका का काढला म्हणून ती रडू लागली तेव्हा तिला कोणी गप्प केले नाही.

आलेल्या कागदावर तारीख असणारच. पण तो कागद पुढे घरात राहिला नाही आणि तारीखही कोणाच्या लक्षात राहिली नाही. त्यामुळे आजोळी बापूंचे श्राद्ध कधी तिथीवर झाले नाही; ज्यांची तिथी माहीत नसते त्यांच्यासाठी जी सर्वपित्री अमावास्या असते, तिच्यावर त्यांचा घास टाकला जाई. आजीला त्याहून मोठी खंत होती. दर आखाजीला घागरीवर खरबूज ठेवता ठेवता ती एकदा तरी म्हणे, “त्याले अग्नी कोन दिधा व्हई?” परक्या मुलखात त्याला पुरले असेल की तसेच टाकून दिले असेल, हा प्रश्न तिने मरेपर्यंत सोडला नाही, आणि तिला उत्तर देऊ शकेल असे आमच्या ओळखीत कोणी नव्हते.

मी सुरुवात ज्या सरकारी कार्यालयापासून करायची तिथूनच केली. तिथल्या गृहस्थांनी आदराने बसवले, चहा दिला आणि स्वातंत्र्यापूर्वीच्या सैनिकांची नोंद आमच्याकडे नसते असे सांगितले. पलटणीच्या रेकॉर्डमध्ये शोधायचे तर क्रमांक लागतो, असेही ते म्हणाले, आणि हे एक वाक्य फार उपयोगाचे ठरले. क्रमांक कुठून आणायचा असे मी मामांना विचारले तेव्हा त्यांना आजीच्या पेटीतला तारा आठवला. आजी गेल्यावर ती पितळी कड्यांची पेटी आईकडे आली होती आणि आईने ती आमच्या माळ्यावर ठेवली होती.

तो तारा सहा टोकांचा, पिवळट धातूचा आहे. मधोमध राजाची अक्षरे आणि मुकुट, त्याभोवती गोलाकार ‘द इटली स्टार’ अशी इंग्रजी अक्षरे, वर कडीत अडकवलेली लाल, पांढऱ्या आणि हिरव्या पट्ट्यांची फीत. फितीची एक कड कसरीने खाल्लेली. लहानपणी आम्ही तो खेळायला मागायचो आणि आजी हातात देऊन लगेच परत घ्यायची. त्याची मागची बाजू मी कधी नीट पाहिली नव्हती. दुसऱ्या महायुद्धाची ही पदके ब्रिटिश सैनिकांना कोरी दिली गेली, मात्र भारतीय सैनिकांच्या पदकांवर त्यांचा क्रमांक आणि नाव ठोकून देण्यात आले, हे मला नंतर कळले. खिडकीशी तिरपा धरून, भिंगातून पाहिल्यावर मागच्या सपाट भागावर बारीक, थोड्या वाकड्या ओळीत क्रमांक, शिपाई हा हुद्दा, नाव आणि मराठा पलटणीची आद्याक्षरे एकामागून एक वाचता आली. नाव आमच्या बापूंचे होते, पण इंग्रजी स्पेलिंग असे की मी ते शंभर तऱ्हांनी लिहिले असते तरी त्या तऱ्हेने लिहिले नसते. शिवाय आडनावाच्या जागी वडिलांचे नाव होते.

दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने मारल्या गेलेल्या सुमारे १७ लाख लोकांच्या नोंदी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही संस्था ठेवते. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य शोध घेता येतो, आणि नावाने सापडले नाही तर सैनिकी क्रमांकानेही शोधता येते. मी क्रमांक टाकला. एकच नोंद आली. पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, पहिली बटालियन, मृत्यू १० एप्रिल १९४५, वय २१. त्याखाली स्मारकाचे नाव होते, फोर्ली क्रिमेशन मेमोरियल, इटाली. मी आईला हाक मारली आणि तिच्या अहिराणीत सांगितले की मामाला अग्नी दिला होता. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मला ते परत सांगायला लावले.

फोर्ली हे उत्तर इटालीतले शहर आहे. तिथे भारतीय सैन्याचे स्वतंत्र युद्धस्मशान असून त्यात ४९६ जणांच्या कबरी आहेत, आणि ज्या हिंदू व शीख सैनिकांचे देह त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नीला दिले गेले अशा जवळपास ८०० जणांची नावे त्याच आवारातल्या दहनस्मारकावर कोरलेली आहेत. म्हणजे आजी ज्या प्रश्नाचे उत्तर आयुष्यभर मागत होती ते उत्तर दगडावर नावानिशी लिहिलेले होते. या संस्थेचे सगळेच वागणे असे होते असे मात्र समजू नये. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जे मराठे शिपाई पडले त्यांच्यासाठी बसऱ्याला उभारलेल्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे होती आणि शिपायांचा पलटणवार नुसता आकडा होता. आशिया आणि आफ्रिकेतल्या सैनिकांना अशी असमान वागणूक मिळाल्याची कबुली या संस्थेनेच २०२१ च्या अहवालात दिली. बापू तीस वर्षे आधी जन्मले असते तर ते एका आकड्यात मिसळून गेले असते.

१० एप्रिलला काय झाले असावे हे जुळवणे तुलनेने सोपे होते, कारण त्या लढाईविषयी पुष्कळ लिहिलेले आहे. १९४५ च्या वसंतात मित्रराष्ट्रांच्या फौजा सेनियो नदीपाशी अडकल्या होत्या. नदी स्वतः फार मोठी नाही, पण पुरासाठी तिच्या दोन्ही काठांना मातीचे उंच बंधारे घातलेले, आणि जर्मनांनी त्या बंधाऱ्यांच्या पोटात बिळे खणून मशीनगनी बसवलेल्या व उतारांवर सुरुंग पेरलेले. ९ एप्रिलला दुपारपासून विमानांनी आणि तोफांनी भाजून काढल्यावर संध्याकाळी आठवी भारतीय डिव्हिजन आणि न्यूझीलंडची डिव्हिजन पुढे सरकल्या. बापूंची पहिली बटालियन आघाडीवर होती. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो याच बटालियनमध्ये, याच संध्याकाळी. आपल्या दोन जखमी साथीदारांना त्यांनी एकामागून एक पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे सुरक्षित आणले, मग एकट्याने परत जाऊन तीन मशीनगनची ठाणी बंद पाडली आणि बंधाऱ्याच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्यांना बोलावले. मागून जे गेले त्यांत बापू असतील, किंवा आदल्या संध्याकाळी जखमी होऊन दुसऱ्या दिवशी गेले असतील. नोंदीत तारखेपलीकडे काही नाही, आणि मी स्वतःहून काही भरणार नाही. इटालीतले युद्ध २ मे रोजी, म्हणजे त्यांच्यानंतर २२ दिवसांनी थांबले. त्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले आणि ५,७८२ परतले नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी खरे तर हे लिहायला घेतले ती. नोंदीच्या तळाशी एक ओळ होती आणि पहिल्यांदा वाचताना मी तिच्यावरून घाईने पुढे गेले होते, कारण तिच्यात आईवडिलांची नावे होती आणि ती मला माहीत होती. रात्री छापील प्रत काढून पुन्हा वाचली तेव्हा वडील आणि आई यांच्या नावांनंतर अर्धविराम होता, आणि त्यापुढे ‘यांचे पती’ अशा अर्थाचे शब्द आणि एका बाईचे नाव होते. त्यानंतर गावाचे बिघडलेले स्पेलिंग, आणि पूर्व खानदेश. बापूंचे लग्न झाले होते. आजीने, मामांनी, कोणीही आम्हांला हे कधी सांगितले नव्हते.

सकाळी आईला विचारले. ती दूध तापवत होती. मागे वळून न पाहता ती म्हणाली, “व्हती ना. मोठी गुणनी व्हती. चोपडाकडे गयी.” गेली म्हणजे कुठे, कशी, हे तिला विचारून निघेना, तिने गॅस बारीक केला आणि विषय बदलला.

ग्रामसेवकांना बापू आमच्याच गावचे होते याचाही पुरावा हवा होता, म्हणून मामा आणि मी तहसील कचेरीत कोतवाल बुकाची नक्कल मागायला गेलो. कुणबी नोंदी शोधणाऱ्यांची तिथे त्या वर्षी जत्रा लोटली होती, आणि रांगेतला जो तो आमचीही नोंद कुणब्याचीच असणार असे धरून आम्हांला सल्ले देत होता. मोडी वाचणारे एक गृहस्थ कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेले होते. त्यांनी १९२४ च्या नोंदीत बापूंच्या वडिलांच्या नावापुढे ‘मुलगा’ एवढा शब्द शोधून दिला; त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुलाचे नाव लिहिलेले नव्हते, पण साल जुळले. खरा कागद सापडला तो जुन्या फेरफारांमध्ये. बापूंचे वडील आधीच वारलेले असल्यामुळे शेतावर भावांची नावे होती, आणि १९४७ च्या फेरफारात असा मजकूर होता की अमुक हा पलटणीत लढाईत मयत, त्याची बायको हिने पाट लावला, सबब तिचा हक्क राहिला नाही, वारस भाऊ. खाली तलाठ्याची सही आणि दोन पंचांचे अंगठे.

हे बेकायदा मुळीच नव्हते. १८५६ च्या ज्या कायद्याने विधवांना पुनर्विवाहाची मोकळीक दिली त्यानेच पुनर्विवाह केलेल्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला होता. पण तो फेरफार वाचल्यावर मला बापूंच्या विस्मरणाचे कोडे उलगडल्यासारखे झाले. आम्ही इतकी वर्षे समजत होतो की परक्या सरकारने आमच्या माणसाला नेले आणि त्याचा ठावठिकाणाही कळवला नाही. सरकारने कळवले होते. जिला कळवायचे तिला कळवले होते. शिपायाची जवळची नातेवाईक म्हणून कागद बायकोच्या नावाने आला, आणि ती घर सोडून गेली तेव्हा तो तिच्याबरोबर गेला. पदके युद्धानंतर काही वर्षांनी वाटली गेली, तेव्हा ती इथे नव्हती, म्हणून तारा तेवढा आमच्याकडे राहिला. मामांना मी हे बोलून दाखवले. ते म्हणाले, जुन्या लोकांचे बोलणे मनावर घेऊ नये. मला मात्र वाटते की तिचे नाव घ्यायचे नाही असे घरात ठरवूनच झाले होते, आणि तिचे नाव टाळता टाळता बापूंचेही बरेचसे पुसले गेले.

चोपड्याला जाण्याला दोघा भाऊबंदांचा सरळ विरोध होता. ऐंशी वर्षांनी जाऊन काय मागणार, त्यांना वाटेल जमिनीचे काही आहे, असे एक जण म्हणाले, आणि ही भीती अगदीच निराधार नव्हती. शेवटी मामांनी कोणालाही न सांगता गाडी काढली. तापी ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना केळीचे मळे सुरू होतात; त्यांतल्याच एका गावात पाटाच्या नवऱ्यापासून झालेला तिचा मुलगा राहतो, हे मामांना माहीत होते. इतकी वर्षे माहीत होते, हे मला गाडीत कळले.

तो गृहस्थ मामांच्याच वयाचा. आम्ही कोण हे सांगितल्यावर त्याने आम्हांला ओट्यावरून आत नेले आणि काही बोलण्याआधी भिंतीकडे पाहिले, म्हणून आम्हीही पाहिले. त्याच्या आईचा फोटो, वडिलांचा फोटो, आणि दोहोंच्या मध्ये त्यांपेक्षा लहान चौकटीत खाकी गणवेशातला एक पोरगेला तरुण. स्टुडिओतला फोटो, मागे रंगवलेला जिना आणि कुंडी, एक हात खुर्चीच्या पाठीवर, बोटे इतकी ताठ की त्याला कोणीतरी तसे ठेवायला सांगितले असावे. खालच्या कोपऱ्यात बेळगावच्या स्टुडिओचा पुसट शिक्का. कान आमच्या धाकट्या मामांसारखे होते. तिन्ही फोटोंना सारखेच हार होते.

“हाई आमना पलटणवाला आबा,” तो म्हणाला. त्याच्या आईने मुलांपासून काहीही लपवले नव्हते. लग्नानंतर बापू एकदाच रजेवर आले होते, बेळगावहून त्यांनी हा फोटो टपालाने पाठवला होता, आणि पाट लागला तेव्हा तिने तो लुगड्यात गुंडाळून आणला. नव्या नवऱ्याचीही पहिली बायको वारलेली होती. त्याने स्वतः चौकट करून आणली आणि फोटो भिंतीवर लावला; लढाईत पडलेल्या माणसाशी कसला हेवा, असे तो म्हणायचा. सरकारी कागदही पुष्कळ वर्षे ट्रंकेत होता, पुढे त्याला वाळवी लागली. पण कागद वाचून दाखवायला नेला होता तेव्हा ब्राह्मणाने तिथी काढून दिली होती, आणि ती तिने मरेपर्यंत पाळली. कोणती तिथी, असे मी विचारले. पाडव्याआधीची तेरस, तो म्हणाला. त्या दिवशी आई एक पान वेगळे वाढायची आणि ते गायीला घालायची.

मी येण्यापूर्वी जुने पंचांग पाहून घेतलेले होते. १० एप्रिल १९४५ ला मंगळवार होता आणि फाल्गुन वद्य त्रयोदशी होती. पाडवा शुक्रवारी, १३ तारखेला होता. संस्थेच्या नोंदीची प्रत मी त्याच्यापुढे ठेवली आणि आईच्या नावावर बोट ठेवून दाखवले. त्याला इंग्रजी येत नव्हते. त्याच्या नातवाने ते मोठ्याने वाचले. आपल्या आजीचे नाव इटालीच्या वहीत कसे, असे त्या मुलाने विचारले, आणि ते समजावून सांगण्यात आमचा बराच वेळ गेला. जमिनीचा विषय कोणी काढला नाही. निघताना त्याने केळीचा घड गाडीत ठेवला आणि मामांना सांगितले की फोटोची प्रत हवी तेवढी काढा, मूळ मात्र इथून हलणार नाही. मामांनीही तसा आग्रह धरला नाही.

त्यानंतरच्या भाद्रपदात आजोळी बापूंचे श्राद्ध प्रथमच नेमक्या दिवशी झाले. इथे आणखी एक गोष्ट कळली. वर्षश्राद्ध त्रयोदशीला योग्य असले तरी पितृपक्षात शस्त्राने मेलेल्यांचे श्राद्ध चतुर्दशीला करतात, मग त्यांची तिथी कोणतीही असो; पंचांगात त्या दिवसापुढे तसे छापलेलेच असते. म्हणजे तारीख ठाऊक नसतानाही आम्ही त्यांना अमावास्येला ढकलायला नको होते. लढाईत पडले एवढे पुरेसे होते, आणि ते तर सर्वांनाच ठाऊक होते.

शिलाफलक एव्हाना उभा राहून गेला होता, पण नाव वाढवण्याचा अर्ज मामांनी २६ जानेवारीच्या ग्रामसभेपुढे ठेवला. एका तरुणाने उभे राहून हरकत घेतली: हे इंग्रजांच्या पलटणीत होते, नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार आणि त्याचे सोबती ज्या सरकारच्या गोळ्यांनी पडले त्याच सरकारचा पगार हे घेत होते, चिमठाण्याला खजिना लुटून क्रांतिकारक जंगलात हिंडत होते तेव्हा हे त्या सरकारसाठी लढायला निघाले होते, मग दोघांची नावे एका दगडावर कशी? सभेत थोडा गोंगाट झाला. मला तो आक्षेप गैर वाटला नाही. बापूंनी देशासाठी प्राण दिले असे मी म्हणणार नाही. जिरायत तुकड्यावर तीन भावांचे पोट चालत नव्हते म्हणून ते भरती झाले, असे मामांच्या वडिलांनी सांगून ठेवले आहे. ते कोणासाठी मेले यापेक्षा ते इथले होते आणि मेले, एवढेच लिहिले जावे असे माझे म्हणणे होते, आणि ते मी मांडले. शेवटी असे ठरले की शिलाफलकाला हात लावू नये, पण मराठी शाळेच्या आवारात कुटुंबाने स्वखर्चाने छोटा दगड बसवायला पंचायतीची हरकत नाही.

दगडावरच्या मजकुरावरून घरातच वाद झाला. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, जन्मसाल, मृत्यूची तारीख आणि तिथी, सेनियो नदी, फोर्ली, यावर सर्वांचे एकमत होते. पत्नीचे नाव घालावे असे मी सुचवले तेव्हा मामा गप्प राहिले आणि बाकीच्यांनी ते नको म्हटले. आता ती दुसऱ्यांच्या घरची, तिच्या लेकरांना गावात तोंड दाखवायला अवघड होईल, असे कारण दिले गेले. ज्या लेकरांनी तो फोटो ऐंशी वर्षे भिंतीवर ठेवला त्यांना कसली अडचण होणार होती, हे मी विचारले आणि त्याचे उत्तर मिळाले नाही. दगड तिच्या नावाशिवाय बसला. चोपड्याहून तिचा मुलगा आणि नातू आले होते. आईने नातवाला जवळ बसवून घेतले आणि जेवताना त्याच्या पानात स्वतः तूप वाढले.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदीत पुराव्यासह दुरुस्ती सुचवता येते. फेरफाराची नक्कल आणि तिचे इंग्रजी भाषांतर जोडून मी गावाचे स्पेलिंग सुधारण्याचा आणि तालुक्याचे नाव घालण्याचा अर्ज पाठवला आहे. फेरफार वाचून तिकडच्या एखाद्या काटेकोर माणसाला वाटू शकते की जिने दुसरा घरोबा केला तिचे नाव आता वगळावे. म्हणून पत्नीच्या नावाची जी नोंद आहे ती बरोबर आहे आणि तिच्यात काहीही बदल करू नये, असे मी अर्जात वेगळ्या परिच्छेदात लिहिले, आणि त्याखाली माझ्या सहीशेजारी आईचीही सही घेतली.